नवरीच्या बांधाखाली

सोमवार, ५ ऑगस्ट

ही वही बेतकाने ब्रनोहून आणली. म्हणाली, "आजी, तू दिवसभर जे बोलतेस ना, ते इथे लिही. आनेश्का मोठी झाली की वाचेल." मी म्हटलं, अगं, मी शाळेत गेले किती? आई आजारी पडली आणि मला हंसं राखायला काढलं, ती हंसंच माझी शाळा. तर म्हणते, चुका असू देत. असू देत तर असू देत.

तर आनेश्का, मी तुझी पणजी ओतिल्का. तू आत्ता खिडकीपाशी टोपलीत झोपली आहेस आणि मुठी अशा आवळल्या आहेस की जणू कुणाशी भांडायलाच निघालीस. नाक आमच्याकडचं आहे, तुझ्या बापाच्या घरचे काहीही म्हणोत. तो कामासाठी जर्मनीत गेला म्हणून तू आणि तुझी आई बेतका दीड महिन्यासाठी माझ्याकडे आलात. त्याचं काम असंच वाढत राहो.

आधी तुला गाव सांगते. हराझोव म्हणजे एक टेकडी, एक तळं, आणि मध्ये बांध. टेकडीवर चौक, चर्च, नगरपालिका आणि प्लेग गेला तेव्हा लोकांनी देवाच्या आईची मूर्ती बसवून उभारलेला खांब. तिच्या नाकाचा शेंडा स्वीडनच्या सैन्याने उडवला असं मास्तर सांगायचे. शेजारची रूझा सांगते, तो तिच्या काकाने लग्नातून येताना उडवला. मला रूझाचं खरं वाटतं, तिचा काका मी पाहिलाय.

टेकडीच्या पायथ्याशी बांध. त्यावर ओकची झाडं, हातांत हात धरून माणसं उभी केली तरी कवेत येत नाहीत इतकी जुनी. त्यांच्या मुळांनी बांध धरलाय, म्हणून त्यांची फांदीसुद्धा तोडू देत नाहीत. बांधाच्या एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला खाली आमची गल्ली. म्हणजे मी परसात कपडे वाळत घालते तेव्हा मासे माझ्या डोक्याच्या वर पोहत असतात. बाहेरची माणसं हे ऐकून घाबरतात. आम्ही इथेच जन्मलो, आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

तळ्याचं नाव नवरी. कोण्या जहागीरदाराने दूरदेशची बायको करून आणली. ती रोज रडायची, इथे पाणी दिसत नाही म्हणून. मग त्याने दलदल खणून तळं केलं. ते होईपर्यंत ती म्हातारी झाली आणि सांधेदुखीने तिला ओल सोसेना. पुरुषांचं हे असंच. पण त्याच्या माणसांनी एक काम चांगलं केलं. तळं उतू जायला लागलं तर पाणी गल्लीत न शिरता बाजूने कुरणात जावं म्हणून एक चर खणून ठेवला. कधी पाणी नसायचंच त्यात, म्हणून तो आंधळा चर. हिवाळ्यात आम्ही पोरं त्यात घसरगुंडी करायचो. पुढे सरकारने तो बुजवला आणि गल्लीतल्या लोकांना बागांचे तुकडे वाटून दिले. आमचे आलुबुखार तिथेच आहेत, आणि अगदी चराच्या तोंडावर रूझाचं सफरचंदाचं झाड. तिच्या नवऱ्याने कलम केलेलं. त्याच्यानंतर ती त्या झाडाशी बोलते, तो असताना त्याच्याशी एवढं बोलत नव्हती.

आणि या सगळ्या पाण्याचा कारभारी कोण? तुझा आजोबा, माझा मुलगा बोहुश. त्याचा बाप कारभारी होता, आजाही. यंदा गावाला साडेसहाशे वर्षं होतात, सप्टेंबरात सोहळा आहे. तळं दरवर्षी ऑक्टोबरात रिकामं करून मासे धरतात, यंदा सोहळ्यासाठी लवकर धरायचेत. नगराध्यक्ष कादलेत्स बोहुशला म्हणाले, "मासे कमी पडले ना, तर पाहुण्यांसाठी तुलाच तळीन." म्हणून मासे चांगले पोसावेत यासाठी बोहुशने तळं काठोकाठ भरून ठेवलंय. फार देखणं दिसतं.

तू उठलीस. पुरे आता.

बुधवार, ७ ऑगस्ट

पाऊस. कालपासून नुसता कोसळतोय. धुणं स्वयंपाकघरात, तुझी दुपटी चुलीवरच्या दोरीला. मला मजा वाटते, घरात लहान मूल असल्याचा वास येतो.

सकाळी लुबोश आला. रूझाचा मुलगा, धंद्याने सुतार, आणि गावच्या अग्निशामक मंडळाचा म्होरक्या. आपल्याकडे ते सगळे हौशी लोक आहेत. आग कमी आणि बिअर जास्त विझवतात असं बोहुश म्हणतो.

"ओतिल्का काकू, बोहुश आहे?"

"बूट काढ आधी."

बूट काढले, मोज्याला भोक. रूझा रफू करत नाही हे मला माहीतच होतं.

"बोहुश, सांडव्यातले गज काढ. पाणी चढतंय."

सांडवा म्हणजे बांधाच्या टोकाला जादा पाणी सोडायची वाट, ती पुढे प्रागकडे जाणाऱ्या नदीला मिळते. तिच्या तोंडाशी लोखंडी गज बसवलेत. पाणी जातं, मासा जात नाही.

"काढले तर अर्धे मासे नदीत जातील," बोहुश म्हणाला.

"जाऊ देत."

"तुझ्या बापाचे आहेत? सोहळ्याला पाहुण्यांना काय वाढायचं, तुमच्या बंबाची नळी?"

मला हसू आवरेना. मीही म्हटलं, "प्रागचे लोक पुलावर बसून आमचे मासे फुकट धरतील, आणि आम्ही काय बटाटे सोलायचे?"

लुबोश हसला नाही. "काकू, गजांना पाला अडकला की त्यांची भिंत होते. मग पाणी जाणार कुठे? तुमच्या परसात."

"पाला मी काढीन," बोहुश म्हणाला. "मी तळ्यावर वाढलोय, लुबोश. तू करवतीवर."

लुबोशने बूट घातले आणि गेला. बेतका म्हणाली, "बाबा, काढायला काय हरकत आहे?" मी तिला म्हटलं, बापाला त्याचं काम शिकवू नकोस. थोड्या वेळाने कुंपणापलीकडून रूझा ओरडली, "तुझ्या बोहुशला सांग, पोहायला शिकवतोय का आम्हाला या वयात?" मी म्हटलं, "तू बुडायची नाहीस गं, तुझ्यात हवा फार आहे." तीही हसली, मीही.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

सांगितलं नव्हतं? नदीकाठच्या गावांत लोकांच्या घरात पाणी शिरलं आणि आपली नवरी जागची हलली नाही. बोहुश दोन दिवस दाताळं घेऊन गजांवरचा पाला ओढत होता, ओला चिंब. काल पाऊस थांबला. पबमध्ये त्याला खांद्यावर घेतलं म्हणे. कादलेत्स साहेबांनी सगळ्यांना बिअर पाजली. लुबोशसुद्धा म्हणाला, "जिंकलास." रूझा दिवसभर कुंपणाकडे फिरकली नाही. मी मुद्दाम बाहेर बसून वाटाणे सोलले.

शनिवार, १० ऑगस्ट

आजचा दिवस मी जन्मभर विसरणार नाही, आणि तू तर त्यात होतीसच.

ऊन पडलं. एवढ्या पावसानंतर ऊन पडलं की आपल्या गावात जो घरात बसतो तो आजारी तरी असतो किंवा गेलेला तरी. सगळे टोपल्या घेऊन जंगलात, अळंबी वेचायला. आणि कोणी कोणाला सांगत नाही कुठे चाललो ते. प्रत्येक घराची जागा ठरलेली. माझी जागा मला माझ्या आईने दाखवली, मी बोहुशला, सख्ख्या बहिणीला नाही दाखवली. वाटेत कोणी भेटलं तर म्हणायचं, दवाखान्यात चाललोय. दवाखान्यात टोपली घेऊन.

बोहुश सकाळी म्हणाला, "आई, तुम्ही दोघी जा. वरच्या ओढ्याने लव्हाळी आणि फांद्या लोटून आणल्यात, गज पार भरलेत. आज उपसायला हवेत."

मी म्हटलं, "उद्या उपस. पाणी कुठे पळून चाललंय का? तुझी नात पहिल्यांदा जंगलात चालली, आणि तू चिखल उपसणार?"

तो बांधाकडे बघत राहिला. मग तू त्याचं बोट धरलंस. झालं. आला.

काय सांगू तुला! उतारावर नुसती तपकिरी डोकी. बोहुश लहानपणी रांगायचा तसा गुडघ्यांवर रांगत होता. बेतकाने तुला झाडाखाली ठेवलं आणि तू पानांकडे बघून हात हलवत होतीस. संध्याकाळी अंड्यांत परतून खाल्ली, उरलेली कापून वाळत घातली, सगळ्या घराला वास.

जेवताना कादलेत्स साहेबांचा फोन आला. पुन्हा पाऊस येणार असं रेडिओवर सांगतात म्हणे. बोहुश म्हणाला, "गज? साफ आहेत. हो हो, आजच केले. झोपा निवांत."

मी त्याच्याकडे बघितलं. म्हणाला, "उद्या सकाळी करतोच आहे, आई. त्या माणसाला झोप तरी लागू दे." दुसऱ्याच्या झोपेची एवढी काळजी करतो, बापावर गेलाय.

रविवार, ११ ऑगस्ट

तुझा बाप्तिस्मा झाला! ठरला होता पुढच्या रविवारी, पण पाद्रीबाबांना गावाला जायचंय म्हणून काल रात्री निरोप आला. तू रडली नाहीस. पाद्रीबाबांची दाढी ओढलीस. बोहुशने तुला धरलं होतं, त्याच्या जुन्या सुटात तो नगराध्यक्षांपेक्षा जास्त नगराध्यक्ष दिसत होता.

सकाळ चर्चमध्ये गेली, मग जेवण. सूप वाढलं आणि पावसाचे पहिले थेंब खिडकीवर. बोहुश उठला. चमचा तसाच सूपमध्ये. केक न खाता दाताळं घेऊन गेला तो संध्याकाळी आला. "गज दिसतच नाहीत," म्हणाला. "पाणी वर आलंय."

मी म्हटलं, केक ठेवलाय तुझ्यासाठी. म्हणाला, नको.

सोमवार, १२ ऑगस्ट

गेल्या आठवड्यातला पाऊस काहीच नव्हता असा पाऊस.

बोहुश उजाडायच्या आधी गेला. दुपारी आला तेव्हा छातीपर्यंत भिजलेला, आणि हात, बाप रे, सगळे कापलेले. मी म्हटलं, कल्ल्यांनी कापलं ना? मोठे मासे असे कापतात. तो हो म्हणाला. बूट घालून माझ्या पुसलेल्या फरशीवर आला आणि खुर्चीवर बसून राहिला. मी ओरडायला तोंड उघडलं आणि का कोण जाणे, ओरडले नाही.

मग बेतकाला म्हणाला, "पोरीला घेऊन वर पाद्रीबाबांच्या घरी जा. चावी ठेवून गेलेत ते. माडीवर राहा."

"का, बाबा?"

"खाली ओल आहे. तिच्या छातीला वाईट."

"बाबा, बांध..."

"ओल आहे म्हणून सांगतोय ना!"

ओरडला तो. बोहुश कधी ओरडत नाही. बेतकाने पिशवी भरली आणि ती गेली. मलाही जा म्हणाला. मी म्हटलं, सशांना कोण घालणार खायला? मला काय छातीचं कौतुक या वयात. तर म्हणाला, "आई, माझ्यासाठी जा." मी म्हटलं, उद्या जाईन, पिठात खमीर घातलंय.

दारात रूझा उभी होती. "पोर कुठे चालली गं या पावसात?"

"बोहुश म्हणतो, खाली ओल आहे."

तिने माझ्याकडे बघितलं, मग वर बांधाकडे. "माझ्याही घरात ओल आहे, ओतिल्का," ती म्हणाली. "मला नाही कोणी सांगितलं वर जायला."

टोमणा होता ते कळलं. आपल्या नातीची काळजी करू नये का माणसाने?

बुधवार, १४ ऑगस्ट

काल लिहायला झालं नाही. मी तुझ्याजवळ आहे, पाद्रीबाबांच्या माडीवर. सगळं सांगते, कारण काल तुझ्या पणजीचं सगळ्या गावाने ऐकलं.

काल सकाळी गल्लीत वाळूची पोती भरणं चाललं होतं. बांधाच्या गल्लीकडच्या अंगाने पाणी पाझरायला लागलं होतं, माझ्या परसात गवतातून पाणी यायचं, विहिरीसारखं स्वच्छ. मी खमिराच्या पिठाचे, आत दही भरलेले पाव भाजले, थर्मासमध्ये रम घातलेला चहा भरला आणि बांधावर गेले. माणसं काम करतात तेव्हा त्यांना काही गरम लागतं.

वर चढले. तळं ओकच्या मुळांशी आलं होतं. इतकं तपकिरी, इतकं जवळ, की हात खाली केला असता तर बुडाला असता. लाटा बांधाच्या माथ्यावरून शिंतोडे उडवत होत्या. सांडवा कुठे आहे ते कळत नव्हतं, सगळं एकच पाणी.

चराच्या तोंडाशी मोठं खोदायचं मशीन घरघरत उभं होतं, आणि त्याच्यासमोर रूझा छत्री घेऊन.

"माझ्या झाडावरून हे धूड नेलंस ना लुबोश, तर पोटचा आहेस हे विसरेन!"

"आई, बाजूला हो. साहेब, हुकूम द्या. आंधळा चर फोडूया."

कादलेत्स साहेबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "फोडला की सगळ्या गल्लीच्या बागा गेल्या, मासे गेले, सोहळा गेला. आणि गरज नव्हती असं निघालं तर? लोकांना काय तोंड दाखवू? सांडवा मोकळा असेल तर तळं एवढं पाणी घेईल, याचे वडील सांगायचे. बोहुश, शेवटचं विचारतो. गज साफ आहेत?"

बोहुश ओकला टेकून उभा होता. त्याने पाण्याकडे बघितलं. "साफ आहेत."

"मग पाणी उतरत का नाही?" लुबोश म्हणाला.

"उतरेल."

"मग थांबू," साहेब म्हणाले. "दुपारपर्यंत थांबू."

मी तोवर पेल्यांत चहा ओतत होते. सगळे असे गप्प, कोणी कोणाकडे बघेना. मला असं गप्प राहणं सहन होत नाही, तुला कळेलच. म्हटलं, जरा बरं वाटेल असं काहीतरी बोलावं. म्हणून म्हटलं, "घ्या रे, प्या. अहो साहेब, एवढं काय तोंड पाडता? गज काय, आज ना उद्या होतीलच साफ. शनिवारीच करणार होता बिचारा, मीच त्याला म्हटलं, चिखल काय उपसतोस, नातीला घेऊन अळंबीला चल. आणि काय अळंबी होती! आमची जागा तुम्हाला सांगत नाही, पण पार संध्याकाळ झाली घरी यायला. रविवारी बाप्तिस्मा. त्या पोराला वेळ कुठे मिळाला?"

पाव कोणी घेईना. 

"शनिवारी?" लुबोश म्हणाला. "काकू, शनिवारी दिवसभर जंगलात होता बोहुश?"

"दिवसभर! रांगत होता."

कादलेत्स साहेब हसले, पण ते हसणं मला आवडलं नाही. "आजी, तुमचे दिवस इकडचे तिकडे होतात. शनिवारी संध्याकाळी माझं बोलणं झालं ना त्याच्याशी. शुक्रवारी गेला असाल तुम्ही."

रूझाही म्हणाली, "हिला कालचं जेवण आठवत नाही, साहेब. गेल्या नाताळात माझी पावाची परात स्वतःची म्हणून घेऊन गेली."

परात माझीच होती. मी तसं सांगणार, एवढ्यात बोहुश पुढे आला. पावसात भिजून त्याचे केस कपाळाला चिकटले होते, लहानपणी आंघोळीनंतर चिकटायचे तसे.

"आई बरोबर सांगतेय," तो म्हणाला. "शनिवारी मी जंगलात होतो. गज साफ नाहीत. कालपासून पाण्यात उतरून ओढतोय, एक हलत नाही. तिथे लाकडांची आणि लव्हाळीची भिंत झालीय. सांडवा बंद आहे, साहेब. मी खोटं बोललो."

मला केवढं बरं वाटलं! चारचौघांत आईची बाजू घेतली त्याने.

लुबोश त्याच्या अंगावर धावून गेला, कॉलर धरली, मूठ उगारली. बोहुशने हात वर केला नाही. "नंतर मार," म्हणाला. "आधी चर फोड. लोकांना गल्लीतून काढ."

आणि रूझा! तिने छत्री मिटली. एकदा त्या झाडाला हात लावला. मग बाजूला झाली आणि लेकावर ओरडली, "बघतोस काय उभा राहून? चालव ते मशीन!"

मग सगळं इतकं भराभर झालं. शिट्ट्या, धावाधाव, पोरांना काखेत मारून लोक वर निघाले. मला कोणीतरी उचलूनच नेलं, थर्मास तिथेच राहिला. चर्चच्या पायऱ्यांवरून बघितलं आम्ही. मशीनने माती ओढली, पुन्हा ओढली, आणि तिसऱ्या का चौथ्या वेळी पाण्याने उरलेलं काम स्वतःच केलं. आधी झाड गेलं, मग खोपटी, आमचे आलुबुखार, सगळ्यांच्या बागा, पुढे नुसतं पाणी कुरणात धावत सुटलेलं. गर्जना एवढी की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मासे वाहून जाताना चमकत होते.

कोणी रडलं नाही. सगळे बांधाकडे बघत होते. तू बेतकाच्या खांद्यावर झोपलेली. बराच वेळ असाच गेला आणि मग कोणीतरी म्हणालं, "उतरलं." ओकची मुळं दिसायला लागली होती.

बांध उभा आहे. गल्ली उभी आहे. माझे ससेसुद्धा.

सोमवार, १९ ऑगस्ट

घरी आलो. तळघरात चिखल, बाकी ठीक.

बोहुश घरीच असतो. कारभाराच्या चाव्या देऊन आला. कादलेत्स साहेब म्हणाले म्हणे, पोलिसांत द्यायचं की नाही ते गल्लीवाले ठरवतील. पोलिसांत कशाला, मला काही कळत नाही. बाग सगळ्यांचीच गेली, आमची नाही का गेली? मला वाटतं त्यांना आता तरुण माणूस हवा असेल. चांगलं आहे, जन्मभर राबला, जरा बसू दे. पण तो बसतही नाही नीट. पबमध्ये गेला आणि लगेच परत आला. मी विचारलं, बिअर संपली का? म्हणाला, खुर्ची नव्हती.

रूझाला विचारलं, तुझ्या लुबोशने काय ठरवलं? ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "लुबोश म्हणतो, बोहुश गप्प राहिला असता तर आज आपण कोणीच नसतो. आणि मुळात गज काढले असते तर झाड असतं. दोन्ही म्हणतो, आणि मग जेवत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला खरंच कळत नाही का गं, ओतिल्का?"

मी म्हटलं, काय?

"काही नाही," म्हणाली. "बस. सोल."

शनिवार, १४ सप्टेंबर

सोहळा झाला. मासे नव्हते, सॉसेज होती. बोलावलेले मंत्री आले नाहीत. पण बँड होता, आणि तू टोपी घालून आईच्या मांडीवर होतीस. जर्मनीहून तुझा बापही आलाय, उद्या तुम्हाला घेऊन जाईल. त्यावर मी काही लिहीत नाही.

कादलेत्स साहेबांनी भाषण केलं. साडेसहाशे वर्षांत गाव किती वेळा जळलं, किती वेळा लुटलं, सगळं सांगितलं. मग म्हणाले, "या यादीत यंदाचं साल गाव बुडाल्याचं म्हणून गेलं असतं. ते गेलं नाही, त्याला कारण आपल्या ओतिल्का आजी." आणि मला वर बोलावलं! माझा जुना निळा झगा, बाहीला डाग. सगळा चौक टाळ्या वाजवत होता. रूझा सगळ्यांत जोरात, आणि ओरडली, "परात परत दे!" लोक हसले. मी गर्दीत बोहुशला शोधत होते, त्याने बघायला हवं होतं. तो कुठेच नव्हता.

बँड वाजायला लागला तशी मी खाली उतरले. बांधावर नवा कारभारी लावलाय, परगावचा, पण तो वर नाचत होता. आंधळ्या चरात एकटा माणूस फावड्याने गाळ काढत होता. बोहुशच. नगरपालिकेने चर आता मोकळा ठेवायचा ठरवलं, त्याच्यावर मजुरीला गेलाय तो. लुबोशने दिलं ते काम. पोलिसांकडे गल्लीतलं कोणी गेलं नाही.

मी काठावर बसले. म्हटलं, "अरे, सुट्टीच्या दिवशी काय करतोस? वर आला का नाहीस? माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी."

"ऐकल्या, आई. इथपर्यंत आल्या ऐकू."

"मग? एवढं काय केलं मी? चहा तर नेला होता."

तो चरातून वर आला. हात पँटला पुसले, तरी चिखल होताच. माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. पन्नाशीचा माणूस. शाळेत जायला लागल्यापासून त्याने असं केलेलं मला आठवत नाही. त्याचे खांदे हलत होते. मी केसांतून हात फिरवत राहिले, निळ्या झग्याला चिखल लागला तरी.

मग विचारलं, "काय झालं रे राजा?"

"काही नाही," म्हणाला. "तू बोललीस म्हणून."

मी तर रोजच बोलते.